मास्तरीणबाईंच्या बाजूचा ब्रेक

प्रेमाला देश नसतो, भाषा नसते, आणि सीमा तर मुळीच नसते. हे ज्या कुणी पहिल्यांदा म्हटलं त्याला मोटार चालवता येत नसावी. कारण माणूस परक्या देशात येतो, प्रेमात पडतो, तिथली भाषा शिकतो, तिथल्या पाण्याने बिघडलेलं पोट सावरतो, आणि मग पहिल्याच चौकात रस्त्याच्या चुकीच्या बाजूला वळतो. समोरून येणारा ट्रकवाला त्याला प्रेमाबद्दल काहीही विचारत नाही. तो जे विचारतो ते इथे छापता येणार नाही.

मास्तरीणबाईंनी हे शेजारच्या सीटवरून पाहिलं होतं. त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे तळमजल्यावर एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि बाहेर एक पांढरी गाडी, जिच्या चारही कोपऱ्यांवर विद्यार्थ्यांनी आपापली आठवण ठेवलेली. गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा मास्तरीणबाईंच्या. आपण गाडी चालवतोय असं शिकणाऱ्याला वाटावं आणि थांबवायची तेव्हा ती मास्तरीणबाईंनी थांबवावी, अशी ती सोय होती. वर्षानुवर्षं अशी सोय पायाखाली असली की माणसाला खोड लागते. बसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, दुसऱ्यांची भांडणं ऐकताना, कुणी नको त्या दिशेने निघालंय असं वाटलं की मास्तरीणबाईंचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

त्यांच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, दातवाली होती. गल्ली दोघींना पाटीवरूनच ओळखायची. शाळेत पहिल्या दिवशी दोघी एका बाकावर बसल्या आणि मग उठायचं राहूनच गेलं. एकीला गोवर आला की दुसरीने अंथरूण घालून ठेवावं, इतका शेजार. मास्तरीणबाईंचं लग्न झालं होतं आणि फारसा आवाज न करता मोडलंही होतं. नवरा निघून गेला तेव्हा दातवालीने कितीतरी दुपारी दवाखान्याला कुलूप लावून खाली मैत्रिणीपाशी बसून काढल्या. बोलली काही नाही. नुसती बसली. दाढा दुखणारी माणसं जिन्यात गाल धरून उभी राहायची, त्यांना मास्तरीणबाईंच्या लग्नाची किंमत अशी परस्पर मोजावी लागली.

तर एके दुपारी ही दातवाली खाली आली आणि डबा न उघडताच म्हणाली, "मी प्रेमात पडले."

"कुठे?" मास्तरीणबाईंनी विचारलं. धंद्याची सवय. अपघात म्हटला की आधी जागा विचारायची.

"खुर्चीत."

"तू खुर्चीत कशाला बसली होतीस?"

"तो बसला होता. मी उभी होते."

तो म्हणजे पूलवाला. नदीवरचा जुना पूल आणखी किती दिवस उभा राहील हे तपासायला त्याला परदेशातून बोलावलं होतं. इथली भाषा तो पुलावरच्या मजुरांकडून शिकला होता, त्यामुळे बोलणं स्वच्छ, पोटातलं थेट ओठांवर. दाढेने उचल खाल्ली म्हणून तो दवाखान्यात आला.

"मी विचारलं, दुखतंय का? अगं, तो हो म्हणाला!"

"मग?"

"मग काय मग! इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडात हात घालतेय. डोळ्यांतून धारा, मुठी आवळलेल्या, बूट हवेत, आणि तरी 'नाही नाही डॉक्टर, चालू द्या तुमचं.' एक पुरुष कधी खरं बोलेल तर शपथ. हा म्हणाला, 'हो, खूप दुखतंय, थांबा, मला भीती वाटतेय.' माझ्या हातातलं यंत्रच थांबलं. म्हटलं, या माणसाबरोबर राहिलं तर घरात अंदाज बांधत बसायला नको."

दातवालीच्या घराचा सगळा कारभार अंदाजावर चालायचा. आई बोलायची नाही, काका बोलायचे ते फक्त स्वतःच्या पित्ताबद्दल, आणि आत्या बोलायची तेव्हा ऐकणाऱ्याने त्याचा उलटा अर्थ लावायचा की सुलटा हे आत्या नंतर ठरवायची. या आत्यापुढे गोष्ट गेली तेव्हा ती म्हणाली होती, "बाहेरचा आहे, असू दे. आता या वयात मी काही मोडता घालणार नाही. पण बाहेरचा वाटता कामा नये."

"म्हणून तुझ्याकडे काम आहे," दातवाली म्हणाली. "त्याला इथला परवाना काढायचाय, तर गाडी शिकव. आणि शिकवता शिकवता आमच्या घराबद्दल चार गोष्टी सांग. फार नको. आत्यासमोर तोंडावर आपटू नये, एवढंच."

"आणि मग लग्न."

"लग्न, आणि त्याचं इथलं काम संपलं की आम्ही तिकडे जाणार. तिकडे त्याला नोकरी ठरलीय. मलाही पुढचं शिकायचंय. आणि खरं सांगू?" दातवाली डब्याच्या झाकणाशी खेळत म्हणाली, "जिथे मला कुणीच ओळखत नाही, अशा गावात मी कशी वागते ते मला एकदा बघायचंय गं. इथे मी आत्याची भाची, काकांची पुतणी, तुझी मैत्रीण. नुसती मी कशी आहे, मला ठाऊकच नाही."

"वा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "छानच." टेबलाखाली त्यांचा उजवा पाय फरशी फोडून खाली जाईल इतका दाबला गेला होता.

शिकवणी सुरू झाली.

"आरसा, इशारा, वळण," मास्तरीणबाईंनी पहिला धडा दिला. "आधी आरशात बघायचं मागे कोण आहे. मग इशारा द्यायचा. मगच वळायचं. आता हेच घरात. खोलीत शिरलात की आधी आरसा. म्हणजे कोण कोण बसलंय आणि त्यात सगळ्यात मोठं कोण, ते हेरा. मग इशारा. जरा खाकरा, हसा, 'तसं बघायला गेलं तर' असं म्हणा. आणि मग वळण."

"वळण म्हणजे माझं मत?"

"हो. पण शक्यतो वळू नका. सरळच जा."

पूलवाला मन लावून ऐकत होता. सहा फुटांचा माणूस, गुडघे स्टिअरिंगला टेकलेले, आणि चेहऱ्यावर पहिलीच्या मुलाची निष्ठा.

"आता समजा, जेवताना आत्या म्हणाल्या, 'आणखी घ्या.' काय कराल?"

"पोट भरलं असेल तर नको म्हणेन."

"आणि भूक असेल तर?"

"हो म्हणेन."

गाडी गचकन थांबली. ब्रेक मास्तरीणबाईंनी मारला होता.

"अहो पूलवाले! भूक असली तरी नकोच. पहिलं नको हा नुसता इशारा. दुसरं नको म्हणजे गियर बदलला. तिसऱ्यांदा त्यांनी आग्रह केला की म्हणायचं, 'बरं, आता तुम्ही इतकं म्हणताय म्हणून.'"

"आणि खरंच भूक नसेल तर?"

"तेच."

"मग त्यांना कळणार कसं?"

"त्यांना कळून घ्यायचं नसतं हो. त्यांना आग्रह करायचा असतो."

पूलवाल्याने मान हलवली. पुलाचा खांब आतून पोकळ निघावा तशी ती मान हलली. पण माणूस हुशार होता. थोड्याच दिवसांत तो 'आवडलं नाही' ऐवजी 'वेगळं आहे' म्हणू लागला, 'मला माहीत नाही' ऐवजी 'बघतो' म्हणू लागला. मास्तरीणबाईंचे विद्यार्थी पहिल्याच फेरीत पास व्हायचे, अशी त्यांची ख्याती होती. कारण त्या परीक्षकाकडे बघून शिकवत. परीक्षक कशाला मान डोलावतो, कशाला भुवई उचलतो, ते सगळं त्यांना पाठ होतं. पास झालेली माणसं पुढे रस्त्यावर काय करतात, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती.

इथवर सगळं दातवालीने सांगितलं तसंच होतं, थोडं जास्त झालं असेल इतकंच. खरं पाप घडलं ते रेल्वे फाटकाजवळच्या सिग्नलला.

"मास्तरीणबाई, एक विचारू?" पूलवाला म्हणाला. "ती म्हणते, आपण तिकडे जाऊ. हसून म्हणते. ते खरं आहे ना?"

सिग्नल लाल होता आणि तो चांगला लांबचा सिग्नल होता. खरं बोलायला भरपूर वेळ होता.

"तुम्हाला काय वाटतं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मला वाटतं, खरं आहे. पण आता माझा माझ्यावर विश्वास नाही. तुम्हीच शिकवलंत, इथे माणूस पहिल्यांदा बोलतो ते खरं धरायचं नाही."

"मग झालं तर."

"म्हणजे तिला जायचं नाही?"

मास्तरीणबाई हो म्हणाल्या नाहीत. हे त्यांनी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. त्यांनी फक्त पदराने आरसा पुसला आणि म्हणाल्या, "तिची आई आहे इथे. आत्या आहे. इतक्या वर्षांचा दवाखाना आहे. तोंडाने ती कधी बोलायची नाही."

"मी नीट विचारलं तर?"

"विचारू नका. विचारलंत तर ती 'जाऊ' असंच म्हणेल."

दिवा हिरवा झाला. पूलवाल्याने गाडी अशी अलगद काढली, की बसल्या जागी चहाचा कप हिंदकळला नसता. "शाब्बास," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

त्यानंतर त्या दातवालीशी फार चांगल्या वागू लागल्या. दवाखान्याची पाटी पुसून दिली. दातवालीच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. डब्यातला चांगला घास न मागता तिच्याकडे सरकवू लागल्या.

"तुला काही हवंय का माझ्याकडून?" दातवालीने शेवटी विचारलं.

"छे गं. काय हवं असणार?"

"मग अशी का वागतेयस? मला मोठा आजार झालाय आणि तुलाच तेवढं सांगितलंय, असं वाटायला लागलंय मला."

मास्तरीणबाई हसल्या. त्या हसण्यात त्यांचे सगळे दात दिसले, आणि दातवालीने त्यातला एक बघून ठेवला.

मग पूलवाल्याला घरी बोलावणं झालं. मास्तरीणबाई घरच्यासारख्याच, त्यामुळे त्याही होत्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्या परीक्षा बघत होत्या. पूलवाला दारात आला. आरसा: त्याने खोलीभर नजर फिरवली, आणि नेमका आत्याच्या खुर्चीकडे गेला. इशारा: खाकरला. मग त्याने आत्याची तब्येत विचारली, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतलं. त्या घरात हे पूर्वी कुणी केलं नव्हतं.

"आणखी घे ना बाळ," आत्या म्हणाली. अहोवरून ती थेट बाळावर आली होती.

"नको, खरंच नको."

"असं कसं? घे."

"नको आत्या, खूप झालं."

"माझ्यासाठी म्हणून घे."

"बरं, आता तुम्ही इतकं म्हणताय म्हणून."

आत्याने भावाकडे बघितलं. कारखान्यातून नवीकोरी वस्तू बिनदोष निघाली की मालक फोरमनकडे बघतो, तसं. काका त्याला पित्ताबद्दल सांगू लागले, आणि पूलवाला असे प्रश्न विचारू लागला की काकांना प्रथमच आपल्या पित्ताला इतिहास असल्याचं जाणवलं. "आमच्या सख्ख्या पोरांना नाही हो इतकी समज," आत्या मास्तरीणबाईंच्या कानात म्हणाली. "कार्टे, तूच शिकवलंस ना हे सगळं? देव तुझं भलं करो."

दातवाली समोर बसून त्याच्याकडे बघत होती. एक्स-रेवर काळा डाग दिसला की ती अशी बघायची. रोगी अजून हसत असायचा.

आणि मग सगळ्यांसमोर पूलवाल्याने बातमी दिली. तिकडची नोकरी त्याने नाकारली होती. नगरपालिकेने त्याला इथेच कायमचा ठेवून घेतला होता. "इथेच राहू या," तो दातवालीकडे बघून म्हणाला. "तुमच्या मनात तेच माझ्या मनात." आई पदराने डोळे टिपू लागली. आत्याने दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला. मास्तरीणबाईंना हवं ते सगळं, हवं त्याहून जास्त, त्या एका खोलीत झालं होतं, आणि तरी स्टुलाखाली त्यांचा उजवा पाय दाबला गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दातवाली खाली आली ती हातमोजे घालूनच.

"मी लग्न मोडतेय. त्याला अजून सांगितलं नाही," ती म्हणाली.

"का गं?" मास्तरीणबाईंनी विचारलं. आवाज कुणाचा तरी दुसऱ्याचा होता.

"आज त्याची दाढ भरायला घेतली. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाला, 'नाही हो, काहीच नाही, तुमचं चालू द्या.' डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि मी इंजेक्शन द्यायलाच विसरले होते, मास्तरीण!" दातवाली खाली बसली. "'तुमच्या मनात तेच माझ्या मनात.' हे काका काकूला म्हणायचे. काकू गेली तोवर काकांना ठाऊक नव्हतं तिच्या मनात काय आहे. मी ज्या घरातून पळायला निघाले होते, तेच घर त्याच्या अंगात शिरलंय. इतक्या थोड्या दिवसांत. आपल्या हवेतच काहीतरी असणार. दुसरं काय?"

 मास्तरीणबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"तू तेवढी आहेस तशी आहेस," दातवाली म्हणाली, आणि हातमोज्यांसकट तिने मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्या वेळी कुणी मास्तरीणबाईंना ट्रकखाली यायला सांगितलं असतं, तर त्यांनी फक्त इशारा दिला असता आणि वळल्या असत्या.

संध्याकाळी त्यांनी पूलवाल्याला गाडीत बसवलं आणि उलटी शिकवणी सुरू केली.

"आजपासून सगळं विसरायचं. मनात येईल ते बोलायचं."

"तुम्ही म्हणाल तसं."

"माझं ऐकायचं नाही!"

"बरं, नाही ऐकत."

"अहो, हे ऐकणंच झालं! मला एकदा नाही म्हणून दाखवा."

"तुम्हाला कसं नाही म्हणू?" पूलवाला अदबीने हसला. "तुमच्यामुळेच तर सगळं जमलं."

"त्या पुलाचं काय केलंत?" मास्तरीणबाईंना अचानक भीती वाटली.

"नगरपालिकेत विचारलं, पूल कसा आहे. मी म्हटलं, तसं बघायला गेलं तर, वयाच्या मानाने बरा आहे."

"आणि खरं?"

"पडेल."

"अहो!"

"घाबरू नका. लेखी दिलंय मी, वाहतूक आजच बंद करा म्हणून. तोंडी फक्त खाकरलो."

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग हात काढून म्हणाल्या, "ऐका. त्या दिवशी सिग्नलला मी तुमच्याशी खोटं बोलले. तिला जायचं होतं. तिने मला स्वतः सांगितलं होतं."

पूलवाला मायेने हसला. "असं काय म्हणता? तुम्ही खूप चांगल्या आहात."

"मी खोटं बोलले!"

"राहू दे हो. इतका कमीपणा घेऊ नका."

मास्तरीणबाई हतबुद्ध झाल्या. इथला माणूस बोलतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांनी इतकं पक्कं करून घेतलं होतं, की आता त्यांना कबुलीही देता येईना. आपणच बसवलेलं कुलूप आणि किल्ली आत.

"पूलवाले," त्या सावकाश म्हणाल्या, "हे मी तिसऱ्यांदा सांगतेय. मी खोटं बोलले."

गाडी थांबली. या वेळी ब्रेक त्याने मारला होता, भर रस्त्यात, मागच्या सगळ्या गाड्यांसकट. हॉर्न सुरू झाले. त्याने आरसा बघितला नाही, इशारा दिला नाही.

"का?" त्याने विचारलं.

"ती जाऊ नये म्हणून."

पूलवाल्याने गाडी बंद करून किल्ली काढली. मग म्हणाला, "तुम्ही वाईट केलंत. मला राग आलाय. खूप राग आलाय. आणि मला रडू येतंय, ते वेगळं."

"तिकडची नोकरी परत मिळेल ना?"

"नाही. तिकडे एकदा नाही म्हटलं की नाही असतं."

मागचा रिक्षावाला खाली उतरून खिडकीशी आला, आणि आत एक रागावलेला परदेशी आणि एक रडणारी मास्तरीण बघून आल्या पावली परत गेला.

"तिला तुम्ही सांगायचं," पूलवाला म्हणाला. "मी नाही सांगणार. हे तुमचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी, रोगी यायच्या आधी, मास्तरीणबाई वर गेल्या. दवाखान्यात बसायला जागा एकच. मदतनीस बाईंनी स्टूल धुवायला बाहेर काढलं होतं. म्हणून मास्तरीणबाई रोग्याच्या खुर्चीत बसल्या आणि सगळं सांगितलं. सिग्नल, आरसा, 'विचारू नका', सगळं. त्या सांगत असताना दातवाली पाठमोरी उभी राहून अवजारं पुसत होती. एक चिमटा तर तिने इतका वेळ पुसला, की त्याचं टोक झिजलं असणार.

सांगून झालं. दातवाली वळली. तिने खुर्चीच्या पायापाशी असलेल्या पेडलवर पाय ठेवला आणि दाबला. घर्रर्र आवाज करत मास्तरीणबाई मागे गेल्या, आणखी मागे गेल्या, डोकं खाली आणि चपला वर. आयुष्यात पहिल्यांदाच पेडल दुसऱ्याच्या पायाखाली होतं. डोळ्यांवर दिवा आला.

तेवढ्यात दार उघडलं आणि पूलवाला आत आला. त्याला बाहेर थांबवेना.

"सांगितलंत?"

"सांगितलं," मास्तरीणबाई दिव्याला म्हणाल्या.

दातवाली खुर्चीच्या या बाजूला, पूलवाला त्या बाजूला, आणि मधे मास्तरीणबाई आडव्या. दोघं त्यांच्यावरून बोलू लागली. एखाद्या अवघड केसवर दोन डॉक्टर बोलतात तशी.

"तू मला का नाही विचारलंस?"

"मला सांगितलं होतं, विचारू नका."

"आणि तू ऐकलंस?"

"मी विद्यार्थी होतो." मग तो थांबला. "नाही. चूक माझीच. मी एका पुलाची तब्येत दुसऱ्या पुलाला कधी विचारत नाही. तुला काय हवंय?"

"मला जायचंय."

"विचारल्यावर हे तू पहिल्यांदा म्हणतेयस. खरं धरू?"

"पहिल्यांदाच धर. दुसऱ्यांदा नाही म्हणणार मी."

"नोकरी गेलीय."

"दुसरी बघ. तिकडेही पूल म्हातारे होत असतीलच की."

पूलवाला हसला, मग गंभीर झाला. "पण एक सांगतो. काकांच्या पित्तात मला खरंच रस आहे. ते मला कुणी शिकवलं नाही. आणि आत्या मला बाळ म्हणतात ते आवडतं. या वयात मला कुणी बाळ म्हटलेलं नाही. ते सगळं मी काढून टाकणार नाही."

दातवालीने त्याच्याकडे बघितलं. त्या दिवशीचा एक्स-रे पुन्हा दिव्यासमोर धरावा तसं निरखून बघितलं. "ठेव," ती म्हणाली. "जे तुझं असेल ते ठेव."

"मग मी आत्यांना सांगून येतो. जाणार आहोत म्हणून."

"सांभाळून सांग."

"एकदाच सांगेन," पूलवाला म्हणाला आणि गेला. जाताना त्याने मास्तरीणबाईंकडे बघितलं नाही. आडव्या पडलेल्या माणसालाही हे बरोबर कळतं.

"आता तू," दातवाली म्हणाली.

"मला जरा सरळ कर."

"नाही. तशीच बोल. मी जाऊ नये असं वाटत होतं, तर मलाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू राहिली असतीस."

"मग?"

"मग माझ्यामुळे राहिलीस असं झालं असतं. मला तू त्याच्यामुळे राहायला हवी होतीस." हे मोठ्याने ऐकल्यावर मास्तरीणबाईंना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की त्यांनी दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघत राहणं पसंत केलं.

 खाली रस्त्यावर कुणीतरी शिकाऊ माणूस गियर ओरबाडत होता.

"आता सांग," ती म्हणाली.

"काय?"

"जे तेव्हा सांगायचं होतं ते."

"जाऊ नकोस."

"जाणार आहे."

"हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. आता कानांकडे वाहणारं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

दातवालीने पेडल दाबलं. खुर्ची हळूहळू सरळ झाली. दोघींचे चेहरे समोरासमोर आले. बाकावर यायचे तेवढ्या अंतरावर.

"माफ केलंस?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. आज विचारू नकोस. आज विचारलंस तर सवयीने हो म्हणेन."

मास्तरीणबाई उतरल्या. चप्पल शोधली, एक सापडली, दुसरी खुर्चीखाली गेली होती, ती वाकून काढली. दारापाशी पोचल्या. बाहेर गाल धरलेले दोघं-तिघं बसले होते.

"ए मास्तरीण," मागून हाक आली.

मास्तरीणबाई वळल्या. आरसा नाही, इशारा नाही, अख्ख्याच्या अख्ख्या वळल्या. 

"दार ओढून घे गं जाताना," दातवाली नवे हातमोजे चढवत म्हणाली. "एसी चालू आहे."